हायस्कूलच्या खेळातून मुलाला बाहेर काढलं, आता पुढे काय? अमेरिकेतल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचा, म्हणजे क्रीडाप्रमुखाचा, ईमेल येतो: तुमच्या मुलाला आजच्या सामन्यातून बाहेर काढलं आहे, पुढचे दोन सामने तो खेळणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांना हा नियम त्याच दिवशी पहिल्यांदा कळतो. आपण शाळेत असताना पीटीचे सर कान पिळायचे आणि प्रकरण तिथेच मिटायचं. इथे तसं नसतं. हे निलंबन कडक आहे आणि ते कडकच असावं असं माझं ठाम मत आहे, पण कडक नियम घरातल्या सगळ्यांना आधीपासून माहीत असायला हवा. खाली राज्यांचे नियम थोडक्यात दिले आहेत. राज्य संघटनेची नियमपुस्तिका दर वर्षी नव्याने निघते, म्हणून आपल्या राज्याची चालू वर्षाची प्रत एकदा नक्की वाचा.

अखिलाडू वर्तन म्हणजे नेमकं काय धरतात?

शिवीगाळ, प्रतिस्पर्ध्याला डिवचणं, पंचांशी हुज्जत घालणं, चेंडू किंवा रॅकेट रागाने आपटणं, थुंकणं, धक्काबुक्की, मारामारी. खेळाच्या ओघात झालेला साधा फाऊल यात येत नाही. बास्केटबॉलमध्ये शॉट अडवताना हाताला हात लागला तर तो खेळाचा भाग असतो. शिटी वाजल्यावर त्याच मुलाने समोरच्याच्या तोंडाजवळ जाऊन काही सुनावलं, तर मात्र ते वर्तन झालं. समोरच्याला लागलं नसलं तरी चालतं. शब्द पुरेसे असतात, कधी कधी नुसता हावभावही पुरतो.

हे नियम कोण ठरवतं? शाळा, राज्य की केंद्र सरकार?

सरकारचा यात थेट संबंध नाही. खेळाचे नियम लिहिते ती राज्य हायस्कूल संघटनांची राष्ट्रीय महासंघटना, म्हणजे एनएफएचएस. तिचं मुख्यालय इंडियानापोलिसला आहे. ५० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी यांच्या संघटना तिच्या सभासद आहेत आणि देशभरात ८० लाखांहून जास्त खेळाडूंची नोंद होते. मुलाला सामन्यातून कधी बाहेर काढायचं हे सहसा तिचं नियमपुस्तक सांगतं. त्यानंतर किती सामने बसवायचं हे राज्य संघटना ठरवते: न्यू जर्सीत एनजेएसआयएए, कॅलिफोर्नियात सीआयएफ, टेक्सासमध्ये यूआयएल. शाळा आणि डिस्ट्रिक्ट त्याच्या वर आपली शिक्षा चढवू शकतात. राज्याने दिलेली शिक्षा कमी करणं मात्र त्यांच्या हातात नसतं.

काही ठिकाणी वेगळी वाटही आहे. टेक्सासमध्ये हायस्कूलचं अमेरिकन फुटबॉल कॉलेजच्या नियमांवर खेळलं जातं. त्यामुळे डोक्यावर नेम धरून दिलेल्या धडकेला, म्हणजे टार्गेटिंगला, तिथे खेळाडू बाहेर जातो. एनएफएचएसच्या नियमात त्याला १५ यार्डांचा दंड आहे.

एक टेक्निकल फाऊल मिळाला. म्हणजे निलंबन झालं का?

नाही. टेक्निकल म्हणजे बहुधा वर्तनाबद्दलचा फाऊल. बास्केटबॉलमध्ये पहिल्या टेक्निकलला समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो आणि चेंडू मिळतो. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर जातो, त्या हिशेबातही तो धरला जातो. दुसऱ्या टेक्निकलला तो बाहेर. मारामारीसारखं गंभीर काही असेल तर पहिल्यालाच बाहेर. अमेरिकन फुटबॉलमध्ये अखिलाडू वर्तनाचे दोन फाऊल झाले की खेळाडू बाद होतो. सॉकरमध्ये दुसरं पिवळं कार्ड किंवा थेट लाल कार्ड. व्हॉलीबॉलमध्ये पिवळं कार्ड म्हणजे ताकीद आणि लाल कार्ड म्हणजे समोरच्यांना एक गुण.

बास्केटबॉलमधल्या एका गोष्टीने पालक बुचकळ्यात पडतात. दुसऱ्या टेक्निकलला पंच दोन्ही हातांनी 'टी' दाखवतात, स्कोअरच्या टेबलाकडे जाऊन नंबर सांगतात, मुलगा जर्सीचं टोक दातात धरून बेंचकडे येतो आणि तिथेच बसून राहतो. लॉकर रूममध्ये जात नाही. पंचांनी काही सौम्यपणा दाखवलेला नसतो. अल्पवयीन मुलाला मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय एकटं पाठवायचं नाही, एवढंच त्यामागे असतं. कोचला बाहेर काढलं तर त्याला मात्र जिम सोडून जावं लागतं.

किती सामने बसावं लागतं?

राज्यागणिक वेगळं. न्यू जर्सीत बाद झालेला खेळाडू किंवा कोच पुढचे दोन सामने मुकतो, फुटबॉलमध्ये एक. दुसऱ्यांदा तसंच घडलं तर शिक्षा दुप्पट. एका संघात अशी प्रकरणं साचत गेली तर संपूर्ण संघालाच राज्य स्पर्धेत उतरू देत नाहीत. आपल्या मुलाच्या तोंडातून गेलेल्या दोन शब्दांची किंमत बाकीच्या मुलांच्या प्लेऑफने चुकवावी लागते, ती इथे.

ओहायोतही पहिल्या वेळेला दोन सामने आणि फुटबॉलला एक. त्याच सीझनमध्ये दुसऱ्यांदा बाहेर काढलं तर त्या खेळाचा उरलेला सीझन संपला. पेन्सिल्वेनियात तो उरलेला दिवस आणि त्याच पातळीवरचा सामन्यांचा पुढचा संपूर्ण दिवस. इलिनॉयमध्ये त्याच पातळीवरचा पुढचा सामना, आणि तो होईपर्यंत मधले कुठल्याही पातळीवरचे सामने. म्हणजे जेव्हीत (शाळेच्या दुय्यम संघात) बाद झालेल्या मुलाला मधेच व्हर्सिटीच्या (मुख्य संघाच्या) सामन्यात उतरवता येत नाही. कॅलिफोर्नियात राज्याच्या नियमाने पुढचा एक सामना, आणि त्यावर राज्यातल्या दहा विभागांपैकी आपल्या विभागाची भर पडू शकते. शिवाय अनेक राज्यांत परत उतरण्याआधी खिलाडूवृत्तीचा ऑनलाइन कोर्स पुरा करावा लागतो.

सामना सुटल्यावर पार्किंगमध्ये काही झालं तर?

पंचांचा अधिकार आपल्याला वाटतो त्याहून लांब पोचतो. बास्केटबॉलमध्ये तो सामन्याच्या १५ मिनिटं आधी सुरू होतो आणि पंच कोर्टच्या नजरेआड होईपर्यंत टिकतो. हात मिळवण्याच्या रांगेत कुणी वात्रट मुलगा थुंकी लावलेला हात पुढे करतो, कुणी कुजबुजत शिवी देतो, आणि तिथेच बाद होतो. पार्किंगमधलं प्रकरण पंचांच्या हातात नसलं तरी शाळेची शिस्त तिथे लागू होते. मारामारी असेल तर पोलीसही येतात.

माझा मुलगा मारामारीत नव्हताच, नुसता बेंचवरून उठून पुढे गेला. त्यालाही बाहेर काढलं!

बास्केटबॉलमध्ये मारामारी चालू असताना बेंच सोडणं हाच वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे. मदतीला गेला, सोडवायला गेला, बघायला गेला, हे कुणी विचारत नाही. नियम कठोर वाटतो, पण दोन मुलांच्या झटापटीत वीस जण उतरले की कुणाचं नाक फुटेल याचा नेम नसतो, आणि सोडवायला आलेला कोण व मारायला आलेला कोण हे तीन पंचांना त्या क्षणी कळणं शक्य नसतं. मैत्रीपोटी धावणाऱ्या गुणी मुलालाच हा नियम हमखास पकडतो. म्हणून सीझनच्या सुरुवातीला मुलाला एवढं एक वाक्य सांगून ठेवा: भांडण झालं की बूड बेंचला चिकटलेलं राहिलं पाहिजे.

समोरचा मुलगा 'तुझ्या देशात परत जा' म्हणाला, म्हणून आमच्याने ढकललं. दोघांना सारखीच शिक्षा कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्यातला संताप रास्त आहे.

आधी वस्तुस्थिती. पंचांनी बहुतेक वेळा पहिली कृती ऐकलेलीच नसते, दुसरी पाहिलेली असते. आवाज ऐकून ते वळतात तेव्हा तुमच्या मुलाचे हात समोरच्याच्या छातीवर असतात. ढकलल्याची शिक्षा त्याला होणारच, आणि ती मागे घ्या म्हणून भांडण्यात वेळ घालवू नका.

पण पहिल्याचं बोलणं तसंच सोडून देऊ नका. वंश, धर्म, लिंग, अपंगत्व यांवरून केलेली शेरेबाजी नेहमीच्या चिडवाचिडवीत बसत नाही. न्यू जर्सीच्या संघटनेने सप्टेंबर २०१३ मध्ये राज्याच्या नागरी हक्क विभागाला बरोबर घेऊन अशा भाषेविरुद्ध नियम जाहीर केला आणि पंचांना ती ऐकू आली तर थेट कारवाईचा अधिकार दिला. त्याच राज्यात २०११ पासून शाळांतल्या छळाविरुद्धचा वेगळा कायदाही आहे. तक्रार लेखी करा, शक्यतो त्याच रात्री, स्वतःच्या शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरकडे. नेमके शब्द, क्वार्टर, समोरच्याचा जर्सी नंबर, जवळ कोण उभं होतं, हे सगळं लिहा. ‘आमच्यावर नेहमीच अन्याय होतो’ या वाक्याने काही हलत नाही, ‘तिसरा क्वार्टर, २३ नंबर’ याने हलतं.

आणि मुलाला रस्ता दाखवून ठेवा: असं काही कानावर पडलं की तिथल्या तिथे कॅप्टनला सांगायचं, कॅप्टन पंचांना सांगेल. पुढच्या खेपेला पंच त्या २३ नंबरच्या जवळ उभे राहतील. गप्प बसून सोसण्यापेक्षा आणि हात उगारण्यापेक्षा ही वाट मुलाच्या पदरात जास्त टाकते.

जिंकल्यावर आनंद साजरा करणंही गुन्हा आहे का?

आनंद करा, पण तो प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर किंवा अचाट नाटक करून नको. २०२५ च्या मे अखेरीस कॅलिफोर्नियाच्या राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत क्लोविसला एक मुलगी ४०० मीटर ५३.२४ सेकंदांत जिंकली. नंतर तिने वडिलांकडून छोटं अग्निशामक घेतलं आणि आपले पाय जणू पेटले आहेत अशा आविर्भावात बुटांवर फवारलं. कल्पना धावपटू मॉरिस ग्रीनची, त्याने २००४ मध्ये असंच केलं होतं. अधिकाऱ्यांनी ते अखिलाडू ठरवलं. तिचं विजेतेपद गेलं आणि २०० मीटरची शर्यतही धावता आली नाही.

मला ही शिक्षा जास्त वाटते. तिने कुणाला डिवचलं नव्हतं, ट्रॅकवरच्या बाकीच्या मुली तोवर पुढे गेल्या होत्या. ताकीद पुरली असती. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: अग्निशामक वडिलांनी आणलं होतं. ते घरी राहिलं असतं तर पदक तिच्या गळ्यात असतं. मुलांच्या कौतुकात आपण मोठी माणसं काय काय हातात देतो, याचा विचार आपणच करायला हवा.

अपील करता येतं का? आमच्याकडे व्हिडिओ आहे.

बहुतेक राज्यांत पंचांच्या निर्णयशक्तीवर सोडलेल्या गोष्टीविरुद्ध अपील नाही, व्हिडिओ असला तरी. ५ मार्च २०२४ ला न्यू जर्सीत राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मनास्क्वान विरुद्ध कॅम्डेन असा बास्केटबॉलचा सामना झाला. शेवटच्या क्षणी मनास्क्वानने टाकलेला बास्केट पंचांनी आधी धरला, मग रद्द केला, आणि कॅम्डेन ४६-४५ असं जिंकलं. चेंडू वेळेत हातातून सुटला होता हे व्हिडिओत दिसत होतं, संघटनेने चूक मान्यही केली. तरीही निकाल बदलला नाही, कोर्टातही नाही. एवढ्या उघड चुकीत हे घडलं, तर 'माझा मुलगा शिवी देत नव्हता, स्वतःशी पुटपुटत होता' याचं काय होणार हे ओळखा.

दाद मागण्यासारख्या दोनच गोष्टी असतात. एक, चुकीच्या मुलाला शिक्षा झाली, म्हणजे १२ नंबरऐवजी २१ लिहिला गेला. दुसरी, नियम लावण्यातच चूक झाली, एका सामन्याऐवजी दोन मोजले गेले. दोन्हींसाठी अर्ज शाळेमार्फतच जातो. पालकांनी राज्य संघटनेला परस्पर फोन केला तर ते नम्रपणे शाळेकडे बोट दाखवतात.

वकील केला तर?

पैसे जातील. १९७५ च्या गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विद्यार्थ्याला शाळेतून थोड्या दिवसांसाठी काढतानाही आरोप सांगावा आणि बाजू ऐकून घ्यावी लागते. पण ते वर्गातल्या शिक्षणाबद्दल. शाळेच्या संघातून खेळणं हा हक्क नसून सवलत आहे, असं न्यायालयं साधारणपणे धरत आली आहेत. २००१ मध्ये टेनेसीच्या एका खटल्यात राज्य क्रीडा संघटनेला राज्ययंत्रणेसारखं मानलं गेलं, त्यामुळे तिने भेदभाव केला तर घटनेच्या आधारे तिला जाब विचारता येतो. दोन सामन्यांच्या निलंबनासाठी तो दरवाजा उघडत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू जर्सीतल्या कॉलिंग्जवूडच्या जिल्हा कुस्ती स्पर्धेत प्रेक्षकांत मारामारी झाली. तीन वेळा राज्यविजेता ठरलेला एक कुस्तीगीर तिथे गेला आणि त्याला राज्य स्पर्धेतून बाद केलं गेलं. तो वडिलांना वाचवायला गेला होता, असा त्याच्या बाजूने युक्तिवाद झाला. न्यायाधीशांनी तातडीचा दिलासा नाकारला आणि चौथं विजेतेपद हुकलं.

निलंबनाच्या काळात सरावाला जाता येतं का?

सहसा हो, आणि जायलाच हवं. सामन्याच्या दिवशी काही राज्यांत साध्या कपड्यांत बेंचवर बसता येतं, काही ठिकाणी मैदानावर हजर राहायलाही मनाई असते. विचारल्याशिवाय गाडीत बसवू नका. निलंबित मुलगा चुकून दोन मिनिटं जरी खेळला, तरी संघ तो सामना हरल्याचं धरलं जातं. क्लबच्या सामन्यांना शाळेचं निलंबन लागू नसतं, पण दोन्हीकडे एकच कोच असला तर तो काय म्हणतो ते ऐका.

सीझनचा शेवटचाच सामना होता. मग सुटला?

नाही. उरलेली शिक्षा पुढच्या वर्षीच्या त्याच खेळात भोगावी लागते. सीनिअर, म्हणजे शेवटच्या वर्षाला, असेल तर काही राज्यांत ती त्याच्या पुढच्या खेळाला चिकटते, म्हणजे हिवाळ्यातली वसंतात.

पंचांना हात लावला तर?

इथे सामन्यांची मोजणी संपते. कॅलिफोर्नियात पंचांवर शारीरिक हल्ला करणाऱ्या विद्यार्थ्यावर हायस्कूल संपेपर्यंत बंदी येते, आणि ती उठवण्यासाठी अर्जसुद्धा १८ महिने झाल्यावरच करता येतो. ३ डिसेंबर २०२० ला टेक्सासमधल्या एडिनबर्गला बाहेर काढलेल्या एका फुटबॉलपटूने साइडलाइनवरून धावत येऊन रेफरीला धडक देऊन पाडलं. त्याचा संघ सामना जिंकून प्लेऑफला पोचला होता. दुसऱ्याच दिवशी डिस्ट्रिक्टने संपूर्ण संघ प्लेऑफमधून काढून घेतला. खेळाडूला पोलिसांनी मैदानातूनच नेलं होतं.

आम्ही पालक स्टँडमधून ओरडतो, त्याने मुलाला शिक्षा होते का?

थेट नाही, पण तुम्हाला बाहेर काढता येतं आणि पुढच्या सामन्यांना यायला बंदी घालता येते. मराठीत ओरडलं तर कळणार नाही हा समज सोडा. सूर कळतो, हातवारे कळतात, आणि अंगावर धावून गेलात तर अनेक राज्यांत पंचांवरच्या हल्ल्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत.

कॉलेजच्या प्रवेशावर परिणाम होतो का?

एकदा बाहेर काढलं एवढ्याने सहसा नाही. ते ट्रान्सक्रिप्टवर येत नाही. शिस्तभंगाबद्दलचा प्रश्न कॉमन अ‍ॅपने (अनेक कॉलेजांसाठीच्या सामायिक अर्जाने) २०२१-२२ पासून सगळ्यांसाठीच्या अर्जातून काढला, काही कॉलेजं तो स्वतंत्रपणे विचारतात. शाळेने वेगळं निलंबन दिलं असेल तर काउन्सेलरशी बोला. खेळाच्या जोरावर जागा मिळवायची असेल तर गोष्ट वेगळी: कॉलेजचा कोच हायस्कूलच्या कोचला फोन करून मुलगा चिडला की कसा वागतो हेच विचारतो.

आम्ही एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत. व्हिसाला धोका आहे का?

सामन्यातून बाहेर काढणं हा फौजदारी गुन्हा नाही, इमिग्रेशनशी त्याचा संबंध नाही. पोलीस केस झाली असेल, विशेषतः मुलगा १८ वर्षांचा असेल, तर मात्र कुठलीही कबुली देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. राज्याच्या कोर्टात किरकोळ वाटणारी तडजोड इमिग्रेशनच्या कायद्यात दोषसिद्धी धरली जाऊ शकते. वकिलावर पैसे खर्च करायची जागा ही आहे.

टेनिस, बॅडमिंटनमध्ये हे सगळं कशाला? तिथे तर पंचही नसतात.

म्हणूनच. हायस्कूल टेनिसमध्ये मुलं स्वतःच चेंडू आत की बाहेर सांगतात. चिडून रॅकेट आपटली तर आधी एक गुण जातो, मग एक गेम, मग सामनाच. आणि जाणूनबुजून खोटा कॉल देणं हा रडीचा डाव असला तरी त्यावर कार्ड निघत नाही. बातमी मात्र कॉन्फरन्समधल्या सगळ्या शाळांत पसरते.

पण इतकं कडक कशाला? मुलंच आहेत.

मुलं आहेत म्हणूनच. दुसरं कारण पंचांचं. एनएफएचएसच्या म्हणण्यानुसार २०१८-१९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत सुमारे ५०,००० हायस्कूल पंचांनी काम सोडलं. जानेवारी २०१९ मध्ये या महासंघटनेच्या प्रमुखांनी पालकांना उद्देशून लिहिलं होतं की पंच सोडून जाण्याचं मुख्य कारण मोठ्यांचं वागणं आहे, आणि बहुतेक नवे पंच दोन वर्षांत निघून जातात. हे लोक दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिटी घेऊन येतात, बहुतेक जण खेळाच्या प्रेमापोटी. ते नसले की जेव्हीचे सामने आधी रद्द होतात, आणि आपली बरीच मुलं तिथेच खेळतात.

आपोआप लागू होणाऱ्या शिक्षेचा मला पटलेला गुण असा की ती मुलाचं नाव विचारत नाही. शाळेचा हुकमी स्कोअरर असो की बेंचवरचा आठवा मुलगा, दोघांना तेच दोन सामने. कोचच्या मर्जीवर सोडलं असतं तर त्यातला कोण बसला असता हे सांगायला नको.

ईमेल आल्या दिवशी आम्ही काय करायचं?

मुलाला आधी जेवू द्या. मग त्याच्याच तोंडून ऐका, व्हिडिओ नंतर बघा. दुसऱ्या दिवशी तो स्वतः कोचला जाऊन भेटेल असं बघा. त्याच्या वतीने तुम्ही माफीचा मेसेज लिहू नका. अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला एक छोटा ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा: कुठल्या तारखांचे सामने मोजले जातील, सामन्याच्या जागी हजर राहता येईल का, आणि परत येण्याआधी कोर्स करायचा आहे का. तारखांचं नीट समजून घ्या. स्क्रिमेज, म्हणजे सरावाचे सामने, सहसा मोजत नाहीत, आणि पावसाने रद्द झालेल्या सामन्याने शिक्षा भरत नाही, प्रत्यक्ष खेळला गेलेला सामनाच धरतात. मंगळवारचा सामना पावसाने गेला तर गुरुवारी जर्सी घालण्याआधी पुन्हा एकदा विचारा.